नोकरीचा शोध लांबतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकणच्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं भरतीचं काम केलं. २०२० मध्ये माझीच नोकरी गेली आणि ज्या खुर्चीवर लोक बायोडेटा घेऊन माझ्यासमोर बसायचे, त्या खुर्चीवर पुढचे तेरा महिने मी बसलो. तेव्हापासून दर रविवारी सकाळी काही जण वाचनालयात भेटायला येतात, बाकीचे मेसेज पाठवतात. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवतोय. एका उत्तरातला भाग दुसरीकडे लागला तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आठ महिने झाले, दीडशेवर अर्ज केले. माझ्यातच काही खोट आहे का?

आत काय चालतं ते सांगतो. एकदा क्वालिटी इन्स्पेक्टरची एक जागा नोकरीच्या पोर्टलवर टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीनशेच्या वर बायोडेटा आले. मला संध्याकाळपर्यंत दहा नावं द्यायची होती. मी पहिले सत्तर-ऐंशी उघडले, त्यात दहा मिळाली आणि बाकीचे तसेच राहिले. त्या उरलेल्यांत या दहांपेक्षा चांगली माणसं नक्की असणार, पण मी ती पाहिलीच नाहीत. त्यांच्यापैकी प्रत्येकाला मात्र घरी बसून वाटलं असेल की आपल्याला नाकारलं. शिवाय कितीदा जागाच रद्द होते, आतल्याच कुणाला बढती मिळते किंवा साहेब बदलतात आणि भरती थांबते. अर्जदाराला यातलं काहीच कळत नाही.

पण खोटा दिलासाही देणार नाही. शोध लांबला की त्या लांबण्याचाच तोटा होतो. अमेरिकेत संशोधकांनी सुमारे बारा हजार काल्पनिक बायोडेटा खऱ्या जाहिरातींना पाठवून पाहिले होते. २०१३ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात बेकारीचा काळ वाढत गेला तसे मुलाखतीचे बोलावणे कमी होत गेले, आणि सर्वांत मोठी घट पहिल्या आठ महिन्यांत झाली. माणसं तीच होती, फक्त तारखा बदलल्या होत्या. म्हणून बायोडेटात चालू महिन्याची एक तरी नोंद हवी: एखादा कोर्स, अर्धवेळ हिशेबाचं काम, काकांच्या दुकानाचं जीएसटीचं काम, काहीही खरं.

मग गाडी कुठे अडते ते शोधा. फोनच येत नसतील तर बायोडेटा किंवा निवडलेल्या जागा चुकताहेत. पहिल्या फेरीनंतर अडत असेल तर मुलाखतीची तयारी कमी पडते. शेवटी पगारावर अडत असेल तर आकडा कधी आणि कसा सांगता ते पाहा. या तीन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत. आणखी पन्नास अर्ज हे त्यातल्या एकाचंही औषध नाही.

२. दिवसाला किती अर्ज करावेत?

माझ्या मते दोन, पण नीट केलेले. जाहिरातीत 'व्हर्निअर, मायक्रोमीटर, पीपीएपी' असे शब्द असतील आणि ती कामं तुम्ही केली असतील, तर तेच शब्द बायोडेटाच्या पहिल्या अर्ध्या पानात हवेत. भरती करणारे पोर्टलवर शब्द टाकून शोधतात.

ते आणखी दोन चाळण्या लावतात, 'अलीकडे सक्रिय' आणि 'नोटीस पिरियड'. आठवड्यातून दोनदा प्रोफाइलमध्ये छोटासा बदल करून सेव्ह करा. आणि तुम्ही सध्या घरी आहात याची लाज बाळगू नका. नोकरीत असलेल्या उमेदवाराला अनेकदा तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असतो. जागा तातडीने भरायची असते तेव्हा 'लगेच रुजू होऊ शकतो' हीच तुमची जमेची बाजू ठरते. ती पहिल्या ओळीत लिहा.

३. मुलाखत छान झाली, 'कळवतो' म्हणाले, पुढे काहीच नाही. फोन करावा का?

करा. मुलाखतीनंतर पाच-सहा कामाच्या दिवसांनी एक फोन किंवा मेल, आणखी आठवड्याने दुसरा. तिसरा नको. 'माझं काय झालं?' असं विचारण्यापेक्षा 'त्या जागेची प्रक्रिया कुठवर आली आहे?' असं विचारा. या प्रश्नाला उत्तर देणं समोरच्याला सोपं जातं. उत्तर आलंच नाही तर वहीत त्या नावापुढे तारीख टाकून रेघ मारा. वाट पाहत असताना इतर अर्ज थांबवायचे नाहीत. ही चूक मी स्वतः केली आणि त्यात माझे सात आठवडे गेले.

४. सकाळी उठावंसंच वाटत नाही. दिवस जातो, पण काय केलं ते आठवत नाही.

हे फक्त तुमचं नाही. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावात कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास अख्खं गाव बेकार झालं. १९३१-३२ मध्ये संशोधक मारी याहोडा आणि तिचे सहकारी तिथे अभ्यासाला गेले. त्यांनी घड्याळ लावून रस्त्यावरच्या माणसांची चाल मोजली. पुरुष सावकाश चालत आणि मध्येच थांबत. बायकांच्या मागे घरकाम होतं, त्यांची चाल भराभर होती. गावच्या वाचनालयाची वर्गणी माफ झाली होती, तरी घरी नेलेल्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. दिवसभर काय केलं असं विचारलं की पुरुषांना उठणं, जेवण आणि झोपणं याखेरीज सांगण्यासारखं फारसं आठवत नसे. वेळ भरपूर होता, पण त्याला धरायला कडाच उरल्या नव्हत्या.

नोकरी पगाराबरोबर अशा कडाही देते. सातची बस, साडेदहाचा चहा, कुणाशी तरी 'काय म्हणतोस' एवढं बोलणं. त्या आता आपणच घालायच्या. मी काय केलं ते सांगतो. आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि साडेनऊला घराबाहेर पडायचं. नगर वाचनालयात खिडकीजवळची तिसरी खुर्ची ठरलेली होती. साडेबारापर्यंत नोकरीचं काम, मग डबा. दुपारनंतर पोर्टल उघडायचंच नाही. एक्सेलचा सराव, घरचं एखादं काम, आणि पाच वाजता चालायला. पहिल्या आठवड्यात हे नाटकी वाटलं. तिसऱ्या आठवड्यात वाचनालयाचे शिपाईकाका 'काल आला नाहीत?' म्हणाले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी माझी हजेरी लावत होतं.

दोन-तीन आठवडे प्रयत्न करूनही उठवतच नसेल, झोप आणि भूक पार बिघडली असेल, तर हा आळस समजू नका. प्रश्न १४ पाहा.

५. बाबा रोज संध्याकाळी विचारतात, 'काही झालं का?' मला घरी जावंसं वाटत नाही.

माझ्या वडिलांचाही हाच प्रश्न आणि हीच वेळ. चपला काढायच्या आतच विचारायचे. मी 'नाही' म्हणून आत जायचो आणि जेवणापर्यंत बाहेर यायचो नाही. शेवटी आई म्हणाली, "अरे, त्यांना दुसरं काय विचारायचं तेच कळत नाही."

त्यानंतर ठरवलं की दर रविवारी चहाच्या वेळी मीच वही घेऊन बसायचं. या आठवड्यात कुठे अर्ज केले, कुठून फोन आला, पुढे काय करणार. दहा मिनिटं. बाकीचे सहा दिवस हा विषय नाही. दुसऱ्याच रविवारी वडिलांनी वही हातात घेऊन कंपन्यांची नावं वाचली आणि म्हणाले, "एवढं करतोस होय?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. घरच्यांना आपले कष्ट दिसत नाहीत, कारण ते मोबाइलच्या पडद्यावर होतात आणि बाहेरून माणूस मोबाइल बघत बसलेला दिसतो.

लग्न झालेल्यांसाठी एक जास्तीची सूचना. नोकरी गेल्याचं बायकोपासून किंवा नवऱ्यापासून लपवू नका. डबा घेऊन बाहेर पडून दिवसभर बागेत बसणारे लोक मला भेटले आहेत. ते ओझं बेकारीपेक्षा जड होतं, आणि जोडीदाराला पुढे दुखतं ते नोकरी गेल्यामुळे नाही, तर सांगितलं नाही म्हणून.

६. लग्नाकार्याला गेलं की सगळे 'सध्या कुठे?' विचारतात. जाणंच बंद करू का?

बंद करू नका. एक वाक्य तयार ठेवा: 'आधीची कंपनी सुटली, आता अकाउंट्समध्ये बघतोय, तुमच्याकडे कुणी असेल तर सांगा.' एवढं बोलून जेवायच्या पंगतीकडे वळा. लपवलं तर विषय लांबतो, सरळ सांगितलं तर बहुतेकदा तिथेच संपतो. आणि असं सांगण्याचा खरा फायदा पुढच्या उत्तरात आहे.

७. ओळखीशिवाय नोकरी लागत नाही, हे खरं आहे का?

अर्धं खरं. 'ओळख' म्हटलं की आपल्याला वशिला आठवतो. पण बहुतेक वेळा ओळखीने मिळते ती फक्त बातमी, जागा निघाल्याची. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की अशा बातम्यांसाठी जवळच्या माणसांपेक्षा लांबच्या ओळखी जास्त उपयोगी पडतात. कारण साधं आहे. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. जुन्या कंपनीतला स्टोअरकीपर, आयटीआयचे सर, वहिनींचा भाऊ, सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे ट्रान्स्पोर्टवाले यांचं जग वेगळं असतं.

मागताना 'माझ्यासाठी काहीतरी बघा' म्हणू नका. त्यावर माणूस 'हो हो' म्हणतो आणि विसरतो. नेमकं मागा: 'काका, तुमच्या भोसरीच्या युनिटमध्ये डिस्पॅचला माणसं घेतात का? तिथल्या एचआरचा मेल आयडी मिळेल का?' यात त्यांच्या शब्दाला धक्का लागत नाही, म्हणून ते मदत करतात. मला माझी नोकरी अशीच लागली. चार वर्षांत ज्याच्याशी बोललो नव्हतो, त्या एका पुरवठादाराच्या माणसाकडून.

८. पाच वर्षं एमपीएससी केली. आता वय ३०. बायोडेटात ही वर्षं कशी दाखवू?

पुण्याच्या सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमधून सर्वाधिक येणारा प्रश्न हा आहे, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात अपराधीपणा असतो. तो नसावा. खुल्या गटाला ३८ व्या वर्षापर्यंत आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत परीक्षा देता येते, म्हणून थांबायचं कधी हे बाहेरून कुणी सांगत नाही. 'यंदा दोन मार्कांनी गेली' हे वाक्य माणसाला आणखी एक वर्ष तिथे बसवतं.

ती वर्षं लपवू नका. खोटी अनुभवपत्रं तर अजिबात नकोत. पार्श्वभूमी तपासणीत ती पकडली जातात आणि लागलेली नोकरी जाते. सरळ लिहा: '२०१९ ते २०२४, राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, दोनदा मुख्य परीक्षेस पात्र.' मुलाखतीत ही गोष्ट तीन वाक्यांत संपवा: 'तयारी केली. इथवर पोहोचले. आता तो रस्ता थांबवून या क्षेत्रात उतरायचं ठरवलं आहे.' तिसरं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. समोरच्याला एकच भीती असते, की ही पुढच्या जाहिरातीला निघून जाईल.

ही मुलं पुढे कुठे रुळतात? माझ्या पाहण्यात बँका आणि पतसंस्थांची कर्ज विभागातली कामं, विमा, सामाजिक संस्थांचे प्रकल्प, शासकीय योजना राबवणाऱ्या कंत्राटदार कंपन्या, शिकवणं. शासननिर्णय वाचून त्याचा अर्थ लावता येणं, शुद्ध मराठीत अहवाल लिहिता येणं याला तिथे खरी किंमत आहे.

परीक्षेचा नाद पूर्ण सोडवत नसेल तर? मग नोकरी करून एक प्रयत्न, तारीख ठरवून. दोन्ही पूर्णवेळ जमत नाहीत.

९. शासनाकडे नाव नोंदवून काही होतं का?

महास्वयंम पोर्टलवर नोंदणी फुकट आहे, करून ठेवा. जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे मेळावे तिथेच कळतात. मेळाव्याला जाताना दहा प्रती न्या आणि सकाळी लवकर पोहोचा. दुपारनंतर कंपन्यांची माणसं फक्त कागद गोळा करतात.

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली, १८ ते ३५ वयोगटासाठी. त्यात पदवीधरांना महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठेवलं होतं. तिकडे अनुभव म्हणून पाहा. ती कायम नोकरी नाही, आणि तशी आशा धरून बसलेल्यांची फार निराशा झालेली मी पाहिली आहे. अर्ज करण्याआधी चालू नियम केंद्रात विचारून घ्या.

१०. पैसे संपत आले. पीएफ काढू का? आणि घराचा हप्ता?

आधी हप्ता. चुकायच्या आधी बँकेत जा, नंतर नाही. सलग ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जाचं, होतं आणि मग शाखा व्यवस्थापकाच्या हातात फारसं राहत नाही. नोकरी गेल्याचं पत्र दाखवून मुदत वाढवून हप्ता कमी करण्याबद्दल लेखी अर्ज द्या. मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपांना हात लावू नका.

पीएफमधला ७५ टक्क्यांपर्यंतचा भाग बेकारीत काढता येतो. उरलेल्यासाठी पूर्वी दोन महिने थांबावं लागे. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने ही मुदत बारा महिने करायचं ठरवलं, म्हणून दावा टाकण्याआधी पोर्टलवरचा चालू नियम वाचा. दोन गोष्टी लोकांना उशिरा कळतात. सलग पाच वर्षं सेवा होण्याआधी काढलेल्या रकमेवर सहसा कर लागतो आणि ५०,००० च्या वर टीडीएस कापला जातो. मात्र जुन्या कंपनीचं खातं नव्यात वर्ग केलेलं असेल तर ती वर्षंही मोजली जातात. दुसरं म्हणजे पीएफमधला पेन्शनचा भाग काढला की पेन्शनसाठी मोजलेली सेवेची वर्षं पुसली जातात, आणि पेन्शनला दहा वर्षं लागतात. आठ-नऊ वर्षं झालेल्याने तो भाग शक्यतो राहू द्यावा.

कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. सोडतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का विचारा. घरात आजारी माणूस असेल तर हे हप्त्याइतकंच तातडीचं आहे.

११. माझा पगार कमी होता, ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापलं जायचं. बेकारी भत्ता मिळतो का?

मिळू शकतो, आणि हे फार कमी जणांना माहीत आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्के रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवसांची, आयुष्यात एकदा मिळते. बेकारीला ३० दिवस झाल्यावर दावा करता येतो. गैरवर्तनाबद्दल काढलेल्यांना किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना नाही. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, म्हणून आधी जवळच्या ईएसआयसी शाखेत चौकशी करा. आधार आणि बँक खातं जोडलेलं असू द्या, बहुतेक दावे तिथेच अडतात.

१२. निम्म्या पगाराची, ठेकेदाराकडची नोकरी मिळतेय. घ्यावी का?

घरात खाणारी तोंडं असतील आणि पैसे दोन महिन्यांचेच असतील तर घ्या. यात कमीपणा नाही. नाहीतर एवढंच पाहा: काम तुमच्याच क्षेत्रातलं आहे का, आणि मुलाखतीला जायला सुट्टी मिळेल का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर त्या नोकरीत शोध बंद पडतो. रांजणगावला बारा तासांची शिफ्ट करून परत आलेला माणूस रात्री बायोडेटा लिहू शकत नाही. ठेकेदाराकडे जाताना पीएफ, ईएसआयसी कापलं जाईल का आणि नियुक्तिपत्र कुणाच्या नावाचं मिळेल, हे पहिल्याच दिवशी विचारा. पुढच्या बायोडेटाला तेच कागद लागतात.

१३. निवड झाली म्हणतात, पण जॉइनिंगआधी १५,००० डिपॉझिट मागताहेत.

देऊ नका. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, गणवेश, लॅपटॉप, गेटपास, नाव काहीही असो, उमेदवाराकडून पैसे मागणारी नोकरी नसतेच असं समजून चाला. (सरकारी परीक्षेचं शुल्क वेगळं, तेही फक्त अधिकृत संकेतस्थळावर.) टेलिग्रामवर 'रिव्ह्यू लिहा, रोज दोन हजार मिळवा' हाही सापळाच. आधी थोडे पैसे देतात, मग भरायला लावतात.

परदेशी नोकरीत एजंट नोंदणीकृत आहे का हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं. थायलंडला डेटा एंट्रीचं काम आणि पर्यटक व्हिसा असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा. अशा मुलांना म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्याची प्रकरणं आपल्या राज्यातही घडली आहेत.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आणि घरी सांगा. आठ महिने थकलेला माणूस फसतो तेव्हा तो मूर्ख नसतो. फसवणारे असाच थकलेला माणूस शोधत असतात.

१४. कधी कधी वाटतं, आपण नसलेलंच बरं.

हे वाचताय तेव्हाच १४४१६ ला फोन करा. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे. रात्रंदिवस सुरू असते, मराठीत बोलता येतं. 'नोकरी नाही म्हणून असं वाटतं' एवढं म्हणून सुरुवात केली तरी पुरेसं आहे. आज रात्री एकटे राहू नका. घरातल्या एकाला शेजारी झोपायला सांगा, कारण सांगणं जमत नसेल तरी.

घरच्यांसाठी: माणूस वस्तू वाटून टाकायला लागला, देणीघेणी अचानक मिटवू लागला, 'आता सगळं ठीक होईल' असं विचित्र शांतपणे बोलू लागला, तर थेट विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने हा विचार डोक्यात शिरत नाही. उलट पहिल्यांदाच कुणाशी तरी बोलता येतं.

१५. जुनी कंपनी रिलीव्हिंग लेटर देत नाही, फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) अडकवलंय. नव्यांना काय सांगू?

नव्या कंपनीला आधीच सांगा, तपासणीत कळू देऊ नका. राजीनाम्याचा मेल आणि त्याची पोच, शेवटच्या तीन पगारपावत्या, फॉर्म १६ आणि पीएफची सेवानोंद द्या. अनेक कंपन्यांना तेवढं चालतं. थकलेल्या पैशांसाठी आधी लेखी मागणी करा, मग कामगार आयुक्त कार्यालयात जा. वेतन संहिता या कायद्यानुसार नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं असतं. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, मागणीपत्रात तिचा उल्लेख जरूर करा. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी मागा, ती आपोआप येईल असं धरू नका.

१६. ऑफर लेटर आहे, पण जॉइनिंग तीनदा पुढे ढकललं. थांबू का?

थांबा, पण शोध चालू ठेवून. दुसऱ्यांदा ढकललं तेव्हाच मनातून ती नोकरी 'कदाचित'च्या रकान्यात टाका. नवी तारीख मेलवर मागा, फोनवरची धरू नका.

१७. नोकरी लागली. पण आनंद होत नाही, रोज पोटात गोळा येतो की ही पण जाईल.

रुजू झाल्यावर मीही चार महिने रोज रात्री पोर्टल उघडून पाहत होतो. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की हात गार पडायचे. एवढे दिवस दबा धरून बसलेलं शरीर एका नियुक्तिपत्राने सैल होत नाही. त्याला वेळ द्या आणि रविवारची वही काही दिवस चालू ठेवा, आता हिशेबाची म्हणून. पहिल्या पगारातून उसने पैसे थोडे थोडे फेडायला लागा. बायोडेटात नवी ओळ लिहून फाइल बंद करा. आणि ज्यांनी मेल आयडी दिला होता, नाव सुचवलं होतं, त्यांना 'लागली' म्हणून फोन करा. हा फोन बहुतेकांचा राहून जातो. मलाही उशीर झाला होता. त्या पुरवठादाराच्या माणसाला मी दोन महिन्यांनी फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. मी वाटच बघत होतो."